काळी चकती

फरशी घासायच्या गोल मशीनला कुठला ब्रश लावावा आणि कुठली चकती, या विषयावर माणूस बोलून बोलून किती बोलेल? चकतीमामांना विचारलं, तर समोरच्याची जेवणाची वेळ टळेपर्यंत. न विचारलं तरी ते बोलायचेच. तेहतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या शाळेच्या फरश्या राखल्या होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी कुणाच्या घरी गेले की यजमानाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्यांची नजर जमिनीवर जायची. लोक हसायचे. मामांना त्याचं काही वाटत नसे. ज्याला जन्मात एकच गोष्ट उत्तम येते त्याने ती मिरवली तर बिघडलं कुठे, असं ते म्हणायचे.

त्या दिवशी मात्र त्यांना खरोखरच कुणीतरी विचारलं होतं, आणि विचारणारी त्यांची एकुलती एक लेक होती. बापाचाच धंदा तिने उचलला होता. साफसफाईची कंत्राटं घ्यायची, हाताखाली दोन बायका, एक जुनी गाडी आणि एक त्याहून जुनं मशीन. तिला एका सरकारी कचेरीची वर्षानुवर्षं बंद असलेली इमारत मिळाली होती. अकरा खोल्या, एक लांबलचक व्हरांडा आणि खाली हिरवट राखाडी रंगाच्या वीतभर चौकोनी फरश्या. चार दिवसांत सगळं लख्ख करून द्यायचं होतं.

"बाबा, तुम्ही चला. तो दुकानदार मला काहीतरी गळ्यात मारेल," ती म्हणाली.

मामांची छाती फुगली. अकरा वाजता बायकोला इस्पितळात न्यायचं होतं, पण दुकान नऊला उघडायचं. तेवढ्यात होईल म्हणाले.

दुकान अरुंद होतं, आणि भिंतीला लावलेल्या लोखंडी खुंट्यांवर चकत्या रंगवार टांगलेल्या होत्या. दुकानदार त्यांना पॅड म्हणायचा, मामा मरेपर्यंत चकतीच म्हणणार होते. लेकीला सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पांढरी चकती चकाकी आणायला. लाल रोजच्या पुसापुशीला. निळी मळ घासायला. आणि काळी, तिची जात सगळ्यांत कडक. चकाकीसाठी फरशीवर चढवलेल्या जुन्या मेणाचे थर खरवडून काढायला काळीच लागते. ब्रश वेगळा. चकती वरवर फिरते, ब्रशाचे केस फटीत शिरतात, म्हणून फरश्यांच्या सांध्यांना ब्रश. त्यातही मऊ आणि राठ.

"फरशी कुठली आहे?" दुकानदाराने विचारलं. लेकीने मोबाइलवर फोटो दाखवला. तो बघून त्याने डोकं खाजवलं आणि खणातून एक घडी घातलेलं पत्रक काढलं. "या जुन्या चौकोनी फरश्यांना कंपनी काळं पॅड नको म्हणते. मऊ ब्रश, भरपूर पाणी, मशीन हळू. कोरडं तर अजिबात चालवू नका असं लिहिलंय."

"का?"

"का ते नाही लिहिलेलं."

"मग कंपनीलाच माहीत नसणार," मामा म्हणाले आणि पत्रक त्याच्याच खिशात खोचलं. "अरे, या फरश्यांवर माझी हयात गेली. पाणी मारलं की चिखल होतो, तो काढेपर्यंत एक दिवस, सुकेपर्यंत दुसरा. मी काळी चकती कोरडीच फिरवायचो. मेण तर जातंच, वर फरशीची कागदाएवढी सालही निघते, आणि खालून नवी कोरी फरशी वर येते. आठ दिवसांचं काम तीन दिवसांत! मुख्याध्यापिका बाई पाहुण्यांना हात धरधरून दाखवायच्या."

दुकानदार म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल." गिऱ्हाइकाशी वाद घालून त्याला काय मिळणार होतं? लेकीने चार काळ्या चकत्या घेतल्या. मामांनी सगळ्या वाकवून, बोटाने खरवडून, नाकाशी नेऊन पाहिल्या आणि एक बदलून घेतली.

"वीज जोडायला वायरमन एक वाजेपर्यंत आहे तिथे," लेक गाडीत बसताना म्हणाली. "दोनला मशीन लावते. आईचं काय झालं ते कळवा." आणि गेली.

मामी, म्हणजे मामांची बायको, वर्षभरापूर्वीपर्यंत तीन जिने न थांबता चढायची आणि वर पोचून मामांना म्हाताऱ्या म्हणून चिडवायची. मग एक जिना जड जायला लागला, मग अर्धा, मग न्हाणीपासून खाटेपर्यंतचं अंतर. बोलायला लागली की वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायला थांबायची. जिची टकळी कधी बंद पडली नाही तिने शब्द वाचवून वापरावेत, हे मामांना सगळ्यात भेसूर वाटायचं. गेल्या आठवड्यात इस्पितळात छातीतला तुकडा काढून तपासायला पाठवला होता. आज त्याचा निकाल होता, आणि छातीत साठलेलं पाणीही काढायचं होतं.

मामीला आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी मामांना आपल्या खोलीत बोलावलं. वयाने त्या लेकीपेक्षाही लहान असतील. त्यांनी दार लोटलं.

"काका, मावशींच्या फुप्फुसांवर जे आवरण असतं, त्याचा हा कर्करोग आहे," त्या म्हणाल्या. "बराच पसरलाय. बरा होईल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्रास कमी ठेवू, जमेल तेवढा." त्यांनी कागद उलटला. "हा आजार सहसा एकाच गोष्टीने होतो. ॲस्बेस्टॉसची धूळ. एकदा छातीत गेली की तीस-चाळीस वर्षं गुपचूप पडून राहते. मावशी कधी कारखान्यात होत्या? पत्रे बनवणाऱ्या, घरं पाडणाऱ्या कामावर?"

"छे हो. ती कुठली कारखान्यात? शाळेत होती, माझ्याबरोबर. मी मशीन चालवायचो, ती मागून झाडायची."

"मशीन कसलं?"

आता इथे मामा चुकले असं म्हणता येणार नाही. चाळीस वर्षांत एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाने त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. बायकोचं मरण कानावर पडून पुरता मिनिटही झाला नव्हता, आणि घाबरलेला माणूस जे येतं त्याचाच आधार घेतो. मामा सांगायला लागले. हँडल जरा उचललं की मशीन उजवीकडे जातं, दाबलं की डावीकडे, जोर लावायचा नसतो. रोजची चकती लाल. सुट्टीत मात्र काळी. सुट्टीत शाळा रिकामी असते ना, तेव्हा सगळं मेण उतरवून नवं चढवायचं. लोक पाणी घालून करतात, पण आपली पद्धत कोरडी. फरशीची सालच निघते. नवी कोरी दिसते.

"फरशी कसली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वीतभर चौकोनी. हिरवट. खाली काळा डिंक."

"आणि धूळ?"

"धूळ म्हणजे, पीठच! इतकं बारीक. आमची ही त्याला पीठच म्हणायची. कोपऱ्यात ढीग लागायचे, ती सुपलीने भरायची. खिडक्या लावून घ्यायचो, नाहीतर वाऱ्याने..."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, ते थांबलं होतं. त्या मामांकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"ते तर पत्र्यांत असतं," मामा म्हणाले. "फरशीत कशाला असेल?"

"जुन्या फरश्यांतही घालायचे, काका. टिकाव्यात म्हणून. नुसत्या पडून असल्या तर काही होत नाही. घासून पूड केली की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा दोष नाही. तुमचीही छाती तपासू. आणखी कोण असायचं तिथे?"

"कोणी नाही. आम्ही दोघंच."

मग त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिसलं. दीड वाजून गेला होता. काळ्या चकत्या लेकीच्या गाडीत होत्या.

त्यांनी तिथूनच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मशीन सुरू असलं की फोन ऐकू येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मामीला अजून बाहेर आणलं नव्हतं. नर्सला "आलोच" म्हणून ते जिना उतरले, सत्तराव्या वर्षी उतरू नये तसे. रिक्षा मिळाली, ती प्रत्येक सिग्नलला अडकली. मामा मनात म्हणत होते, वायरमन आळशी निघू दे, लबाड निघू दे, जेवायला जाऊन तिकडेच झोपू दे त्याला. आयुष्यात त्यांनी कामचुकार माणसासाठी पहिल्यांदाच देवाला हात जोडले.

इमारतीच्या पायरीवर त्यांना मशीनची घरघर ऐकू आली. ते व्हरांड्यातून धावले. पहिल्याच खोलीत लेक मशीनच्या मागे उभी होती आणि दोन बायका झाडू घेऊन तिच्या मागे. मामांनी भिंतीतून वायरच उपटली.

"अहो बाबा! काय हे?"

"किती केलंस?"

"केलं कुठे अजून? वायरमन आत्ता गेला. दाराआडचा कोपरा करून बघितला फक्त, तुम्हीच शिकवलंय तसं." तिने दार ओढलं. दाराआड ताटाएवढा तुकडा हिरवा लख्ख दिसत होता, आणि त्याच्या कडेने पीठ पडलं होतं. "मस्त निघतंय! तुमची काळी चकती म्हणजे काळी चकती."

वायरमनला मामांनी मनातल्या मनात दंडवत घातला. मग बायकांना बाहेर पिटाळलं, बादली मागवली, फडकं चिंब भिजवलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून तो कोपरा पुसला. श्वास रोखून पुसला. फडकं पिशवीत घालून पिशवीला दोन गाठी मारल्या. लेक कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"आज हात लावायचा नाही," मामा म्हणाले. "आधी फरशी तपासून घ्यायची. मालकाला कळव."

"का पण? सकाळी तर दुकानदाराला गप्प केलंत!"

इथे मामांनी खरं सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण खरं सांगायचं म्हणजे एका दमात आईचं सगळं सांगायचं, आणि ते कुणामुळे झालं तेही. मामांची जीभ रेटेना. "ही फरशी पातळ आहे," ते म्हणाले. "काळ्या चकतीने तडकेल. माझं चुकलं. कंपनीचं बरोबर होतं."

लेकीने भुवया उंचावल्या. "चकतीमामांचं चुकलं? कुणीतरी लिहून ठेवा रे!" ती हसली, पण बापाचा रंग बघून तिने जास्त ताणलं नाही. मालकाला फोन केला, त्याची बोलणी खाल्ली, खोल्यांना कुलूप लावलं आणि मामांना गाडीत घालून इस्पितळात आणलं. वाटेत मामांना जरा हलकं वाटत होतं. बायको हातातून चालली होती, ती आपणच घालवली होती, हे खरं. पण पोर वेळेवर वाचली. एवढं एक त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

मामी पलंगावर उशांना टेकून बसली होती. पाणी काढल्यामुळे श्वास थोडा मोकळा झाला होता. लेक तिचं कपाळ कुरवाळून, डॉक्टरांना भेटून येते म्हणाली. मामा घाईघाईने म्हणाले, "डॉक्टर आता नाहीत. तू चहा आण." ती गेली.

"सांगा," मामी म्हणाली. "तुमच्या तोंडावर लिहिलंय. कागद कशाला वाचू?"

मामांनी सांगितलं. सगळं सांगितलं, फरशीचं, पिठाचं, पत्र्यांचं. स्वतःचं नाव कुठे लपवलं नाही. सांगताना त्यांनी तिचा हात धरला होता. "पीठ" हा शब्द आला तेव्हा तिने तो सोडवून घेतला.

तिने हात चादरीखाली ओढून घेतला. मग म्हणाली, "मी म्हणायचे, आधी पाणी शिंपडा. घशात जातंय."

"हो."

"तुम्ही म्हणायचात, चिखल होतो."

"हो गं."

"दर सुट्टीला म्हणायचे मी." तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. "माफ-बिफ करते असं काही ऐकायला बसला असाल, तर उठा. माझ्याने होणार नाही. पुढे कधी झालं तर झालं." ती रडत नव्हती. मामा रडत होते आणि तिला त्याचाही राग येत होता, हे दिसत होतं.

"पोरीला थांबवलं मी," मामा म्हणाले. "तिकडे अशीच फरशी होती. वेळेवर पोचलो. तिला काही झालं नाही."

मामीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की मामांचं रडणं थांबलं.

"काळ्या चकतीला भार लागायचा ना?" ती म्हणाली. "मशीन हलकं पडायचं. मग तुम्ही वर काय ठेवायचात?"

मामांना आधी कळलंच नाही. मग कळलं. सुट्टीत घरी कुणी नसे, म्हणून पोर शाळेत यायची. सहा वर्षांची होती तेव्हापासून अकराची होईपर्यंत. मशीनच्या डोक्यावर ती फतकल मारून बसायची, दोन्ही हातांनी दांडा धरून. तिच्या भाराने चकती फरशीला बरोबर बसायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आणखी कोण असायचं? त्यांनी मनापासून सांगितलं होतं, कोणी नाही. त्यांच्या हिशेबी ती कामावर नव्हतीच. ती नुसतं वजन होती.

"मी मागे होते," मामी म्हणाली. "ती तर पिठाच्या मधोमध."

"अगं..."

"जा. तिला सांगा. मी नाही सांगणार, मला एवढा श्वास नाही. आणि चहा झाल्यावर, जेवण झाल्यावर, उद्या, असं करू नका. मी ओळखते तुम्हाला. आत्ता जा. तिची छाती तपासून घ्या."

मामा उठले. दारापर्यंतची फरशी त्यांनी पाहिली नाही, आणि अशी न पाहता ओलांडलेली ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच फरशी असेल.

लेक बाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी चहाचे दोन कप होते. आई झोपली असेल म्हणून आत आले नाही, असं काहीसं ती म्हणाली. मामा बसले. कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"मघाशी चिडले मी," ती म्हणाली. "पण बरं झालं आलात. फरशी तडकली असती तर मेलेच असते मी."

मामांना वाटलं, आता उठावं आणि कुठेतरी चालत सुटावं. उठले नाहीत. म्हणाले, "तू लहानपणी सुट्टीत शाळेत यायचीस. आठवतं का गं?"

तिचा चेहरा असा खुलला, की मामांना बघवेना.

"आठवतं तर! तुम्ही मला मशीनवर बसवायचात. घट्ट धर, महाराणी, म्हणायचात. सबंध शाळा फिरायचे मी! वर्गात बाई ओरडायच्या त्या सगळ्या खोल्या, आणि मी त्यांतून मशीनवर बसून. पोटात गुदगुल्या व्हायच्या. गाणी म्हणायचे मोठमोठ्याने, तर आवाज थरथरत यायचा, म्हणून आणखी म्हणायचे." ती हसायला लागली. "आणि उतरले की केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. आई म्हणायची, आली माझी सासू. मग मी हातावरचं पीठ तिच्या तोंडावर फुंकायचे, ती माझ्या तोंडावर. तुम्ही रागवायचात, काम पुरं करू द्या म्हणून. बाबा, खरं सांगू? मला या धंद्यात कशाला पडलीस म्हणून लोक विचारतात ना, तेव्हा मला तेच आठवतं."

मामांनी तिला मध्ये तोडलं नाही. समोरून एक नर्स औषधांची ढकलगाडी घेऊन गेली, तिलाही लेकीने हसून वाट दिली. आणखी एक-दोन गोष्टी तिने सांगितल्या, एक तर त्यांना स्वतःलाही माहीत नव्हती. तिला सगळं पुरतं सांगू द्यावं, यापलीकडे त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

तिचं सांगून झालं. तिने चहा संपवला, कप बाकाखाली ठेवला आणि पदराला हात पुसले.

"पण आज एकदम कसं आठवलं हो तुम्हाला?" तिने विचारलं.

तेव्हा मामांनी तिला सांगायला सुरुवात केली.